खाण्याजोगा भाग

गेल्या उन्हाळ्यात आई महिनाभर माझ्याकडे पुण्याला राहायला आली होती. एक दिवस मी दोडक्याची भाजी केली आणि सोबत शिरांची चटणी. शिरा म्हणजे दोडक्याच्या अंगावरच्या त्या उभ्या धारा. त्या खरवडून काढायच्या, करडईच्या तेलावर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या आणि तीळ, सुकं खोबरं, लसूण, लाल मिरची, मीठ घालून जाडसर कुटायच्या. आमच्याकडे येणारे पाहुणे या चटणीवर खूश असतात. "कशाची आहे हो?" असं विचारतात आणि "सालीची" म्हटलं की त्यांच्या भुवया वर जातात. मला त्या भुवयांची हौस आहे, हे कबूल करून टाकते.

आईनं भाजी खाल्ली, भाकरी खाल्ली. चटणी पानात डावीकडे वाढली होती तशीच राहिली.

"तिखट झाली का गं?"

"नाही. मला नको."

मग मी आपलं ज्ञान पाजळलं. सालीत तंतू असतात, खनिजं असतात, तुझ्या शुगरला चांगलं... वगैरे वगैरे. आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "सालीत काय असतं ते तू मला सांगू नको," एवढंच म्हणाली आणि ताट उचलून आत गेली.

आई भाजी जाड सोलते, हे आम्हा भावंडांना लहानपणापासून माहीत आहे. तिनं सोललेल्या बटाट्याच्या सालीला बोटभर बटाटा चिकटलेला असतो. काकडी सोलायची, गाजर सोलायचं, दुधी तर पांढराशुभ्र होईपर्यंत सोलायचा. बाबा गमतीनं म्हणत, "तुझ्या सालीत दुसरं एक घर जेवेल." त्यावर आई कधी हसल्याचं मला आठवत नाही. पण तेव्हा ते लक्षात आलं नव्हतं.

असो. त्या चटणीनंतर मी या सालींच्या मागेच लागले. वाचत गेले, आईला खोदून खोदून विचारत गेले. त्यातून जे हाती आलं ते इथे मांडते आहे.

पहिली गोष्ट, साल फेकून देणं मराठी घराला कधी फारसं पटलेलं नाही. दुधीच्या सालीची चटणी, लाल भोपळ्याच्या सालीची चटणी, कच्च्या केळ्याच्या सालीची भाजी, कलिंगडाच्या पांढऱ्या भागाचं थालीपीठ... आपापल्या घरची यादी करायला बसलात तर सहज दहा-बारा प्रकार निघतील. 'कोंड्याचा मांडा' हा वाक्प्रचार आपण कौतुकानं वापरतो. मांडा हा सणावाराचा नाजूक पदार्थ, तो कोंड्यातून करून दाखवते ती खरी सुगरण. दुसरीकडे 'कळणाकोंडा खाऊन दिवस काढले' असंही आपण म्हणतो, आणि तिथे कौतुक नसतं. कोंडा तोच. पहिला वाक्प्रचार बहुधा पाहणाऱ्यानं केला असावा आणि दुसरा खाणाऱ्यानं.

टरफलं म्हटली की आपल्याला शाळेतल्या पुस्तकातले टिळक आठवतात. त्या गोष्टीत टरफल म्हणजे कचरा हे मास्तरांना आणि टिळकांना दोघांनाही मान्य आहे. वाद आहे तो फक्त उचलायचा कोणी, एवढाच!

आता शास्त्राकडे वळू. गंमत अशी की जीवनसत्त्वांचा शोधच मुळी सालीपासून सुरू झाला. १८९० च्या दशकात डच डॉक्टर ख्रिस्तियान आइकमान बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, बेरीबेरीचा अभ्यास करत होता. पांढरा सडलेला तांदूळ खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडत आणि तांदळाचा कोंडा खायला मिळाला की त्या बऱ्या होत. म्हणजे आपण जे पाखडून टाकतो त्यात काहीतरी जीव वाचवणारं होतं. १९१२ साली कॅसिमिर फुंक यानं त्या 'काहीतरी'ला 'व्हिटामिन' हे नाव दिलं. आइकमानला १९२९ साली नोबेल मिळालं.

आपल्याकडे हे काम रॉबर्ट मॅकॅरिसन या ब्रिटिश डॉक्टरनं निलगिरीतल्या कुन्नूरला सुरू केलं. १९१८ साली बेरीबेरीच्या चौकशीसाठी एक छोटं केंद्र उघडलं होतं, त्याचीच पुढे मोठी प्रयोगशाळा झाली. मॅकॅरिसननं शीख, पठाण, मराठा, बंगाली, मद्रासी असे निरनिराळ्या लोकांचे आहार उंदरांना खाऊ घातले आणि उंदीर कसे वाढतात ते पाहिलं. गहू, दूध, भाज्या असलेल्या शीख आहारावरचे उंदीर सगळ्यात धष्टपुष्ट, सडलेल्या तांदळाच्या मद्रासी आहारावरचे सगळ्यात किरकोळ. आपले मराठा उंदीर मधे कुठेतरी. त्याच्या जागी आलेल्या वॉलेस एक्रॉइडनं १९३७ साली भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचं एक छोटं सरकारी पुस्तक काढलं. कशात किती प्रथिनं, किती लोह, किती कॅल्शियम, असे नुसते तक्ते. ही प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादला हलली आणि १९६९ साली तिला 'राष्ट्रीय पोषण संस्था' हे नाव मिळालं. ते तक्तेही सुधारत, वाढत राहिले. डॉ. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ साली काढलेलं पुस्तक पुढे कित्येक वर्षं होम सायन्सच्या मुलींच्या दप्तरात होतं. माझ्या मावसबहिणीची जुनी प्रत मी मागून आणली आहे. तिच्या समासात पेन्सिलीनं परीक्षेच्या तारखा लिहिलेल्या आहेत.

या पुस्तकात एक रकाना आहे, 'खाण्याजोगा भाग'. भाजीच्या शंभर भागांतले खाण्याजोगे किती, याचा आकडा तिथे असतो. बाकीचे सगळे आकडे या खाण्याजोग्या भागाच्या शंभर ग्रॅमचे. म्हणजे दोडका असो की दुधी, आधी सोलायचा, साफ करायचा, उरेल तो तोलायचा आणि मग त्याची मापं घ्यायची. साल तराजूत येण्याआधीच वजा झालेली असते. यात शास्त्रज्ञांची काही चूक नाही. बहुतेक लोक जे खातात तेच मोजणं रास्त. फुलकोबीचा पाला त्यांनी वेगळा मोजलाही आहे आणि त्यात फुलापेक्षा कितीतरी पट कॅल्शियम निघतं. पण तो रकाना पाहताना माझ्या मनात एक प्रश्न घोळत राहिला. खाण्याजोगा म्हणजे कुणाच्या पानात?

एक्रॉइडलासुद्धा हा प्रश्न पडला असेल का? १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची चौकशी करायला जो आयोग नेमला होता, त्याचा तो सदस्य होता. त्या दुष्काळात कलकत्त्याच्या रस्त्यांवर माणसं दारोदार भाताची पेज मागत फिरत होती. भात नव्हे, भात शिजल्यावर ओतून टाकायचं पाणी. ते पाणी कोणत्या तक्त्यात बसवायचं?

आता आईच्या गावाकडे येते. तिचं माहेर जालन्यापासून तीन कोसांवर. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा होता. मग जालना हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका राहिला आणि १ मे १९८१ रोजी वेगळा जिल्हा झाला. 'जालना सोने का पालना' असं म्हणायची पद्धत आहे, आणि मोंढ्यातल्या पेठा पाहिल्या की ते पटायचंही. पण गावातल्या माणसाला तो पाळणा दुरून दिसायचा.

१९७२ साली सलग तिसऱ्या वर्षी पाऊस फसला. मराठवाड्यात आजही जुनी माणसं वर्षं मोजताना 'बहात्तरच्या आधी' आणि 'बहात्तरच्या नंतर' असं म्हणतात. तेव्हा सरकारनं जागोजागी कामं काढली. रस्ते, पाझर तलाव, नाला बांध, खडी फोडणं. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात अशा कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती. याच अनुभवातून पुढे रोजगार हमीचा १९७७ चा कायदा आला. कामावर सुकडी मिळायची. रेशनला अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना चिरा पडत आणि गार झाली की ती वातड होई, असं आई सांगते. या कामांमुळे आणि धान्यामुळे माणसं मोठ्या संख्येनं भूकबळी होण्यापासून वाचली, हे अभ्यासकांनी नोंदवून ठेवलंय आणि आईही तेच म्हणते. "काम नसतं तर आम्ही नसतो," असं.

पण भाकरीबरोबर खायचं काय? शेतात तरवटा नाही, घोळ नाही, तांदुळजा नाही. पाऊसच नाही तर रानभाज्या कुठून येणार! मिरची-मीठ-भाकरी, तीही मोजकी. आई तेव्हा सतरा वर्षांची होती. आजीबरोबर ती खडी फोडायला जायची. बाजाराच्या दिवशी कामाला सुट्टी, तेव्हा आजी सरपणाचा भारा डोक्यावर घेऊन जालन्याला जायची. तिथली एक खानावळ तो भारा विकत घ्यायची. पैसे मिळाले की आजी मागच्या दारी थांबायची. तिथे टोपलीत बटाट्याची, दुधीची, भोपळ्याची सालं पडलेली असत.

"भाऊ, शेळीला सालं न्यायची होती थोडी," असं आजी म्हणायची.

खानावळवाल्यानं कधी नाही म्हटलं नाही. उलट पोऱ्याला सांगून तो टोपलीच आजीच्या पदरात ओतायला लावायचा.

"आणि शेळी?" मी आईला विचारलं.

"शेळी दिवाळीतच विकली होती."

हे सांगताना आई खिडकीबाहेर बघत होती. पहिल्या वेळी ती म्हणालीसुद्धा होती, "माय, आपली शेळी तर..." तर आजीनं तिचा हात असा दाबला की बांगडी फुटली. परत येताना तीन कोस दोघी एक शब्द बोलल्या नाहीत. घरी आल्यावर आजीनं ती सालं निवडली. हिरवी पडलेली बटाट्याची सालं बाजूला काढली, बाकीची तीन पाण्यांनी धुतली, बारीक चिरली, उकळून पहिलं पाणी ओतून दिलं. मग थेंबभर तेलात मिरची-मीठ घालून परतली आणि वरून मिलोचं पीठ पेरलं. धाकट्या मामांना ती भाजी फार आवडायची. ते विचारायचे, "माय, आज बाजारात दुधी मिळाला का गं?" आजी "हो" म्हणायची.

माझं सगळं वाचन इथे येऊन थबकलं. पहिलं पाणी ओतल्यानं पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं जातात, हे मला माहीत होतं. पण दुसऱ्याच्या दारची सालं शिजवताना आजीला ते पाणी का ओतावंसं वाटलं असेल, हेही कळत होतं.

आता एक योगायोग सांगते. त्याच १९७२ सालच्या डिसेंबरात, म्हणजे इकडे दुष्काळ भरात असताना, लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात बर्किट, वॉकर आणि पेंटर यांचा एक लेख आला. डेनिस बर्किट हा युगांडात अनेक वर्षं काम केलेला शल्यविशारद. आफ्रिकेच्या खेड्यांत न सडलेलं, न चाळलेलं, तंतुमय खाणाऱ्यांना आतड्याचे काही विकार फारच कमी होतात, हे त्यानं पाहिलं होतं. त्या लेखात अन्नातल्या तंतूंचा पचनाशी आणि रोगांशी संबंध मांडलेला होता. तोवर तंतू म्हणजे चोथा, हीच समजूत. तो मोजायची जुनी पद्धतही १८६० च्या दशकातली, जर्मनीत वेंडे इथे गुरांच्या वैरणीसाठी बसवलेली. नमुना आधी आम्लात आणि मग अल्कलीत उकळायचा, आणि जे विरघळत नाही ते 'क्रूड फायबर' म्हणून लिहायचं. त्यात कितीतरी उपयोगी तंतू विरघळून हिशेबाबाहेर जात. आपल्या १९७१ च्या तक्त्यांत हेच 'क्रूड फायबर' आहे. २०१७ साली राष्ट्रीय पोषण संस्थेनं ५२८ पदार्थांचे नवे तक्ते काढले, त्यात एकूण तंतू, विरघळणारे तंतू, न विरघळणारे तंतू असे वेगळे रकाने आले. चोथ्याला वैरणीच्या वहीतून माणसाच्या वहीत यायला शंभरावर वर्षं लागली म्हणायची!

मग सालीत खरंच असतं काय? मी पाहुण्यांना मारायचे त्या गप्पांतल्या काही मागे घ्याव्या लागतील. 'सगळं सत्त्व सालीतच असतं' हे खरं नाही. बटाट्यातलं बहुतांश क जीवनसत्त्व आणि पोटॅशियम गरातच असतं, कारण बटाटा म्हणजे मुख्यतः गरच. साल फार थोडी. पण तेवढ्याच वजनाची साल आणि गर घेतले तर सालीत तंतू जास्त निघतात, आणि बऱ्याच भाज्यांत खनिजं आणि रंगद्रव्यंही जास्त. बटाटा सालीसकट उकडला तर गरातलं क जीवनसत्त्व पाण्यात कमी जातं. म्हणजे साल स्वतः पोसते त्याहून जास्त राखण करते. मोसंबीच्या सालीखालचा पांढरा भाग पेक्टिननं भरलेला असतो, आणि आम्ही जालन्याचे लोक तो नखांनी सोलून टाकत मोठे झालो.

आणि सालीत नको ते पण असतं. हिरव्या पडलेल्या किंवा मोड आलेल्या बटाट्याच्या सालीत सोलानिनसारखी विषारी द्रव्यं साठतात आणि ती उकडून जात नाहीत. आजी ती सालं बाजूला काढायची. तिला हे नाव कुणी सांगितलं नव्हतं. कडू निघालेला दुधी सालीसकटच काय, सालीविनाही खाऊ नये. त्याचा रस पिऊन माणसं दगावली आहेत. त्याशिवाय आता फवारणी आली. १९७२ सालच्या भोपळ्याच्या सालीवर फार तर धूळ होती. आजच्या भाजीवर काय काय असतं ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. धुण्यानं वरवरचं बरंचसं जातं, आत शोषलेलं जात नाही, आणि ते सोलल्यानंही जात नाही. मी आता शिरांची चटणी करते ती गावाकडून भावानं परसातले दोडके पाठवले तरच.

२०१२-१३ साली जालन्यात पुन्हा मोठा दुष्काळ पडला. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. तेव्हा गावी गेले होते तर पारावरचे म्हातारे म्हणत होते, बहात्तरला पाणी होतं पण दाणा नव्हता, आता दाणा आहे पण पाणी नाही. रेशनवर गहू-तांदूळ होते. सालं गोळा करायची वेळ कुणावर आली नाही, निदान मी तरी पाहिली नाही. टँकरभोवती मात्र घागरींची रांग होती, आणि त्या रांगेत आजीच्या वयाच्या बायका होत्या.

आजी जाऊन आता वीस वर्षं झाली. तिला हे कधी विचारलं नाही, याची चुटपुट लागून राहिली आहे. धाकट्या मामांना मी फोन केला होता. म्हटलं, बहात्तर साली आजी दुधीची भाजी करायची ती आठवते का? मामा एकदम खुलले. "अगं, पीठ पेरून करायची. तशी चव नंतर कधी लागली नाही बघ." त्यांना मी पुढचं काही सांगितलं नाही. आईनं बजावलं होतं. आता हे लिहून टाकलंय खरं, पण आधी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लिही. तो आता सत्तरीला आलाय. कळलं तर कळलं."

पुण्याहून निघायच्या आदल्या दिवशी मी पुन्हा दोडके सोलत बसले होते. आई शेजारी येऊन बसली. थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "काय करायलीस गं? दोडका आधी धुवावा, मग शिरा काढाव्या. तू उलटं करायलीस." मग माझ्या हातातली सोलाणी घेऊन तिनं उरलेले चार दोडके स्वतः खरवडले. अगदी पातळ, गराला धक्का न लावता. इतकं पातळ सोलता येतं तिला, हे मी पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

चटणी तिनंच कुटली. खाल्ली मात्र नाही. डब्यात भरून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "तीळ कमी घालत जा. सालीची चव झाकती त्यानं."